अवघडलेला पडदा

"पक्का होईल का नाही, तेवढंच सांगा उस्ताद."

नजीर उस्तादांनी मान वर केली नाही. मिक्सरच्या तुटलेल्या वायरीवर ते सोल्डरचा थेंब सोडत होते. थेंब बसला. त्यावर त्यांनी हलकी फुंकर घातली.

"काय पक्का होईल?"

"दादा."

आता उस्तादांनी वर पाहिलं.

दारात बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा उभा होता. पाठीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी रुंद, चपटं. सुतळीनं छातीशी घट्ट बांधलेलं. मोटारसायकलवर तीस किलोमीटर तो तसाच आला होता. सुतळी खांद्यात रुतली होती, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

"आधी पाठीवरचं खाली घे," उस्ताद म्हणाले. "ओझं घेऊन बोलणाऱ्याचं मला नीट ऐकू येत नाही."

सातपुड्याच्या पायथ्याशी एक जुना दर्गा आहे. त्याच्या आवारात कडुनिंबाखाली पत्र्याची एक खोली. उस्ताद तिथे एकटेच राहत. उभा जन्म त्यांनी पडदे दुरुस्त करण्यात घालवला होता. टीव्हीचे, डेपोतले, सिनेमावाल्यांचे, कोणाचेही. आता वय झालं होतं. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येत, आणि काही जण नुसतेच येत. उस्ताद दोघांनाही चहा देत.

पोरग्यानं गोधडी सोडली. आतून टीव्ही निघाला.

"बाळंतीण सुखरूप आहे का?" उस्तादांनी विचारलं.

पोरगा हसला नाही.

"टेबलावर ठेवला असता," उस्ताद म्हणाले, "पण तो डबा आहे तिथे. खाली घ्यायचाय. तीन दिवस झाले, दुसरा माणूस आला नाही. माझ्या एकट्याच्यानं उचलत नाही."

टेबलावर जुन्या तऱ्हेचा, मागे भलंमोठं पोट असलेला पडदा होता.

"मी हमाली करायला नाही आलो," पोरगा म्हणाला. "ती रोजच करतो."

"बरं."

उस्तादांनी ओट्यावर गोधडीची घडी केली आणि टीव्ही भिंतीला टेकवून तिथेच उभा केला.

पोरग्याचं नाव सुपडू. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून हा जन्मला तेव्हा मायनं त्याला सुपात ठेवलं आणि तेच नाव दिलं. ते सूप दोन्ही हातांनी धरून अंगणभर फिरला होता त्याचा मोठा भाऊ गुलाब. अकरा वर्षांचा. बाप लवकर गेला. पुढे गुलाबनंच सुपडूला वाढवलं, खाऊ घातलं, मारलंही. सातवीत शाळा सुटली तेव्हा आपल्याबरोबर केळीच्या कापणीवर नेलं. बागेतून घड खांद्यावर घ्यायचा, चिखलातून बांधापर्यंत चालायचं, ट्रकमध्ये लावायचा. दोघं भाऊ पुढे-मागे चालत.

सेहेचाळीस दिवसांपूर्वी गुलाबनं खांद्यावरचा घड ट्रकजवळ नीट ठेवला आणि खाली बसला. पाणी मागितलं. सुपडू पळत जाऊन कळशी घेऊन आला.

पाणी प्यायला कोणी नव्हतं.

"आता सांग," उस्ताद म्हणाले.

सुपडू भराभर बोलायला लागला. दहाव्यासाठी फोटोवाल्याकडून दादाचा फोटो करून घेतला होता. मोठा, हार घातलेला. फोटोवाल्यानं तो पेनड्राइव्हमध्येही दिला. नवव्या दिवशी सुपडूनं तो टीव्हीला लावला. तेव्हापासून टीव्ही बंद केलेला नाही. दिवस नाही, रात्र नाही. सदतीस दिवस.

"घरातले काय म्हणतात?"

"माय त्याच्यापुढे ताट ठेवते."

"आणि?"

"वहिनी पदर घेऊन फिरते घरात. तिथे जेवत नाही. आत चुलीपाशी जेवते." सुपडूचा आवाज जरा चढला. "आज सकाळी म्हणे, भाऊजी, एकतर टीव्ही बंद करा, नाहीतर मी माहेरी जाते. पिशवी भरून ठेवलीय तिनं. दादाला जाऊन दोन महिने नाही झाले, आणि हिला तो नको झाला."

"असं म्हणाली ती? नको झाला?"

"...तसं नाही म्हणाली."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांच्यासमोर घास उतरत नाही."

उस्तादांनी वायरीचं टोक कापून डबीत टाकलं.

"परवा वीज गेली," सुपडू म्हणाला. "आली, तेव्हा फोटो लागला नाही. नुसता निळा पडदा. आणि त्या निळ्यात उस्ताद... दादा होता. फोटो लावलेला नव्हता, तरी होता. मायनं हात जोडले. गल्ली गोळा झाली. मी म्हटलं, उतरला. आता कुठे जात नाही."

"मग?"

"तासाभरात पुसट झाला. मी लगेच परत फोटो लावला. सकाळपर्यंत चालू होता. म्हणून विचारतो, अजून किती दिवस ठेवू? पक्का कसा करायचा? लोक म्हणाले, पडद्यातलं सगळं तुम्हाला कळतं."

"लोक चहा प्यायला येतात. चहापुरतं बोलतात."

"पण होतं ना तसं? कायमचं?"

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं. टेबलावरच्या त्या जुन्या डब्याचं बटण त्यांनी दाबलं. आत काहीतरी गुणगुणलं. बऱ्याच वेळानं काच उजळली. कोरी, पांढुरकी.

कोरी नव्हती. सुपडू जवळ गेला. पांढऱ्या उजेडात काळपट अक्षरं होती. ओळीखाली ओळ. त्यानं बोट लावून, अडखळत वाचलं. गावांची नावं. वेळा.

"हा एका डेपोत होता. अकरा वर्षं एकच वेळापत्रक," उस्ताद म्हणाले.

"हे बघा. राहिलंय. मला असंच पाहिजे."

"सहा दहाची गाडी दिसते?"

"हो."

"ती गाडी बंद झाली. नवं वेळापत्रक लागलं, तरी मागे हे दिसायचंच. एक म्हातारा होता, लेकीकडे जायचा. रोज नवी वेळ समोर असायची, पण त्याची नजर जुन्या ओळीवर. सहा दहाला येऊन बसायचा. गाडी यायची नाही. मग सगळ्यांना शिव्या द्यायचा. मलाही दिल्या."

"मग?"

"मग मी हा पडदा काढून इथे आणला. म्हातारा सुधारला. शिव्या तेवढ्या चालू राहिल्या."

सुपडूचं लक्ष गोष्टीकडे नव्हतं. तो अक्षरांवरून बोट फिरवत होता.

"ही काळी का आहेत? तिथे तर उजेड असेल ना तेव्हा?"

उस्तादांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. आतापर्यंत शंभर माणसांना त्यांनी हा पडदा दाखवला असेल. हे कोणी विचारलं नव्हतं.

"जिथे जास्त जळलं, तिथे जास्त झिजलं," ते म्हणाले. "अक्षरं राहिली नाहीत बेटा. काचेच्या आतला लेप झिजला. तू वाचतोस ती झीज."

...

सुपडूनं बोट काढून घेतलं.

"माझा टीव्ही असा नाही ना?"

"नाही. तुझ्यात वेगळं असतं. आतले कण उठतात, बसतात, कुशी बदलतात. तू त्यांना सदतीस दिवस एकाच अंगावर झोपवलंस. ते अवघडलेत. म्हणून उठायला मागं पडताहेत."

"मेले नाहीत?"

"अजून नाही. असाच ठेवलास आणखी काही महिने, तर कदाचित उठायचेच नाहीत."

"म्हणजे होतो पक्का."

"होऊ शकतो. हवं तर मीच करून देतो. पण आधी काय पक्कं होतंय, ते बघून घे."

उस्तादांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात फक्त एक चित्र होतं. नुसता राखाडी रंग. कोणताही पडदा आला की आधी ते हाच रंग लावत. सिनेमात डाग लपतो, राखाडीत लपत नाही, असं ते म्हणत.

टीव्ही राखाडी झाला. दोघं समोर बसले.

"सांग, काय दिसतं."

"दादा."

"मला म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. एकेक सांग."

सुपडू पुढे सरकला.

"ही काळी चौकट. हा हार. चांगला दिसतोय, प्रत्येक फूल. खाली अक्षरं... भावपूर्ण श्रद्धांजली. मग नाव. मग तारीख."

"आणि कोपऱ्यात काय आहे ते?"

सुपडूनं वाचलं.

"काय आहे?"

"फोटोवाल्याचा मोबाईल नंबर."

"तो झकास उतरलाय," उस्ताद म्हणाले. "मला चष्म्याशिवाय वाचता येतोय. चेहरा कुठाय?"

"इथे. हारात."

"तिथे मला राखाडी दिसतं."

"नाही, हे बघा ना, हा गाल..." सुपडूचं बोट काचेवर फिरलं. थांबलं. बाजूला सरकलं. पुन्हा फिरलं. हाराच्या आत एक फिकट, लांबट ढग होता. डोळे नव्हते. मिशी नव्हती. परवा निळ्या पडद्यात गल्लीतल्या सगळ्यांनी चेहरा पाहिला होता. मायनं पाहिला होता. त्यानं स्वतः पाहिला होता.

"परवा होता," तो म्हणाला.

"परवा तुम्ही सगळे त्याला ओळखणारे बसला होतात. मी ओळखत नाही. मला हार आणि नंबर दिसतो."

सुपडू एकदम उठला. बाहेर गेला. कडुनिंबाला त्यानं एक लाथ मारली. मोटारसायकलपर्यंत गेला. किल्ली लावली. मग परत आला, कारण टीव्ही आतच होता.

उस्तादांनी तोवर चहा ठेवला होता.

"डोळे मीट," ते म्हणाले.

"कशाला?"

"चहाला वेळ आहे."

सुपडूनं डोळे मिटले.

"दादा आठव."

"आठवला."

"हलतोय?"

...

"हलतोय का?"

"नाही."

"काय करतोय?"

"बसलाय. हार घालून."

"त्याला हाराची आवड होती?"

"छे. लग्नात घातला, तोही जेवायच्या आधी काढून टाकला. मान खाजते म्हणे." सुपडू थांबला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसावं हेही त्याला सुचलं नाही. "उस्ताद, मला दादा दिसतच नाही. किती दिवस झाले, डोळे मिटले की फोटोच दिसतो. आधी दिसायचा. सातवा, आठवा दिवस, तेव्हा दिसायचा. चालताना, ओरडताना. मी घाबरलो की तो जाईल, म्हणून फोटो लावला. आणि आता..."

उस्तादांनी चहाची कपबशी त्याच्या हाताशी सरकवली. स्वतःच्या बशीत ओतून घेतला. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले. "आता ओरडेल."

"कोण?"

"बीबी. सोळा वर्षं झाली तिला जाऊन."

सुपडूनं खोलीत नजर फिरवली. भिंतीवर वायरी होत्या, पक्कड होती, दोन भांडी होती.

"फोटो कुठाय?"

"नाही एकही. काढूच दिला नाही तिनं."

"तरी दिसते?"

"दिसत नाही बेटा. ओरडते."

सुपडूला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. त्यानं चहा प्यायला. खरंच साखर जास्त होती.

"दादाचं हलताना काही आहे?" उस्तादांनी विचारलं.

सुपडूचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला.

"आहे."

"मग?"

"मोबाईलमध्ये एक आहे. चौदा सेकंदांचं. मी नाही उघडलं. गेल्यापासून एकदाही."

"का?"

"ते संपतं ना."

...

उस्तादांनी रिकामी बशी पालथी घातली. बाहेर दर्ग्याच्या पायऱ्या कोणीतरी झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"अवघडलेल्या पडद्याला एकच औषध असतं," ते म्हणाले. "चालतं चित्र. त्याच्यावर तासन् तास चालत राहिलं की आतले कण हातपाय मोकळे करतात. डाग जातो. मी कोणतंही चित्र लावू शकतो. तीन सिनेमे आहेत माझ्याकडे, त्यातले दोन मारामारीचे. तू सांग."

सुपडूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, हात पसरून, जसं कोणी मारायलाच आलंय.

"पुसायचा?"

"मी काही सांगितलं नाही. पक्का करायचा तर गोधडीत गुंडाळ, ने, लाव भिंतीला. वहिनीला माहेरी सोडून ये वाटेत."

"आणि पुसला तर? माझ्याकडे काय राहील?"

उस्ताद पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या शर्टाच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथे काळपट तपकिरी डाग होते, एकात एक मिसळलेले.

"हा शर्ट कोणाचा?"

"...दादाचा."

"डाग कशाचे?"

"केळीच्या चिकाचे. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी काळा. मग कशानं जात नाही. शर्ट फाटतो, डाग राहतो."

"दादा काय करायचा डागांचं?"

"काही नाही. वहिनी बडबड करायची. हा दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून कापणीला."

"हं," उस्ताद म्हणाले.

सुपडूचे हात हळूहळू खाली आले. खिशातून त्यानं मोबाईल काढला. उघडला, पण स्वतः लावला नाही. उस्तादांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

उस्तादांनी चौदा सेकंदं आपल्या पेनड्राइव्हवर घेतली. टीव्हीला लावली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं करून ठेवलं. आवाज मोठा केला.

आधी चिखलाचा आवाज आला. पचक, पचक. मग कोणीतरी हसलं, ते सुपडूचंच हसणं होतं. मग काहीतरी घसरलं. आणि मग गुलाब बोलला.

"नुसता बघत काय बसतोस? हात लाव."

सुपडूनं कान झाकले.

पचक, पचक. हसणं. घसरणं. "नुसता बघत काय बसतोस? हात लाव."

उस्ताद मिक्सर जोडायला बसले. त्यांनी एकदाही टीव्हीकडे पाहिलं नाही. विसाव्या की तिसाव्या वेळी सुपडूचे हात कानांवरून निघाले. त्यानंतर बऱ्याच वेळानं त्यानं मान फिरवली.

गुलाब चालत होता. खांद्यावर घड, लुंगी गुडघ्यांच्या वर. पाय घसरला, तोल गेला, घड सावरला. वळून पाहिलं. बोलला. पुन्हा चालायला लागला, पुन्हा घसरला.

"डाव्या पायात चप्पल नाही," सुपडू म्हणाला.

उस्तादांनी हुंकार दिला.

"चिखलात रुतली होती. नंतर मी काढून दिली, तर दोन्ही उलट्या घातल्या त्यानं, डावी उजव्या पायात. दिवसभर तसाच. मी सांगितलंच नाही." तो हसला, आणि या वेळी पूर्ण हसला. "घरी गेल्यावर वहिनीनं बघितलं."

पुन्हा पचक, पचक.

दुपार झाली. कडुनिंबाची सावली खोलीवर आली. सुपडू आता ओट्याखाली मांडी घालून बसला होता, पडद्यापासून हातभर अंतरावर. चौदा सेकंदं संपत होती आणि त्याला पुढचं आठवत होतं. पुढे गुलाबनं मोबाईलवर चिखल फेकला होता. त्याच्या पुढे दोघं ट्रकच्या सावलीत बसले होते. केळीच्या पानावर भाकरी घेतली होती. गुलाबनं आपल्यातली मिरची त्याच्याकडे सरकवली होती, तिखट लागते म्हणून, पण सांगताना, तुला आवडते म्हणून घे, असं सांगितलं होतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाच माहीत नव्हतं की हे त्याच्यापाशी आहे.

मोबाईल वाजला. वहिनी होती.

सुपडूनं आवाज कमी न करताच उचलला.

"भाऊजी, कुठे आहात? मायनं सकाळपासून..." मंगलावहिनी मध्येच थांबली.

खोलीत गुलाब बोलला. हात लाव.

पलीकडे काहीच आवाज नव्हता.

"वहिनी?"

"...कोण बोललं?"

सुपडूनं टीव्हीकडे पाहिलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "फोन तिकडे धरा."

त्यानं मोबाईल टीव्हीजवळ नेला. धरून ठेवला. पचक, पचक, हसणं, घसरणं, गुलाब. एकदा. दोनदा. किती वेळा, त्यानं मोजलं नाही. हात भरून आला तेव्हा त्यानं हात बदलला.

मग कानाला लावला.

"त्यांना सर्दी होती त्या दिवशी," वहिनी म्हणाली. आवाज ओला होता, पण त्यात जुना, नेहमीचा राग होता. सुपडूनं तो सेहेचाळीस दिवसांत ऐकला नव्हता. "ऐका, नाकात बोलताहेत. मी काढा करून दिला होता बाटलीत. प्यायले होते का?"

"नाही. माझ्यादेखत बांधावर ओतला."

"मला वाटलंच होतं."

...

"तुम्ही जेवलात?" तिनं विचारलं.

"नाही."

"या मग. बाहेरच्या खोलीत पानं घेते. तुम्ही आल्यावर बसू."

"पिशवी?"

"कसली पिशवी?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

उस्तादांनी मिक्सर चालू करून पाहिला. चालला. त्यांनी तो बाजूला ठेवला, हात पुसले आणि टीव्हीपाशी आले. चित्र थांबवलं. राखाडी लावलं.

सुपडू पुढे वाकला.

हार नव्हता. चौकट नव्हती. अक्षरं नव्हती. कोपऱ्यातला नंबर तेवढा अगदी अंधूक राहिला होता. बघता बघता, शेवटचा आकडा जाऊन तोही संपला.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत राखाडी. सपाट.

सुपडूचा हात काचेकडे गेला, चाचपडल्यासारखा.

"गेला," तो म्हणाला.

"डोळे मीट."

त्यानं मिटले. मिटले आणि तसाच बसून राहिला. पापण्यांखाली त्याचे डोळे हलत होते. चालणाऱ्या माणसामागे नजर जावी, तसे डावीकडून उजवीकडे. ओठ जरा उघडले. कोणीतरी मागे वळून पाहिलं असावं.

उस्तादांनी घाई केली नाही. पेनड्राइव्ह काढला, त्याच्या वरच्या खिशात सरकवला. टीव्ही गोधडीत गुंडाळला, सुतळी बांधली.

सुपडूनं डोळे उघडले. त्याला पुष्कळ विचारायचं होतं. हे उद्याही दिसेल का? परवा? मी म्हातारा झालो तर? आणि समजा एक दिवस पुन्हा...

"उस्ताद," तो म्हणाला, "आता पुढं..."

उस्ताद टेबलाकडे गेले होते. डेपोतल्या त्या जड पडद्याची एक बाजू त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि दुसऱ्या बाजूकडे बघत वाकून उभे होते.

"हात लाव."